गुरुजींची औषधांची पिशवी: अल्झायमर आणि अँटिऑक्सिडंट, एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ७३, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. राहणार वसमत तालुक्यातल्या एका गावी. घरची हळद आणि सोयाबीन, शेती आता मुलगा बघतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, इथेही तेच म्हणू.

सोबत पत्नी, मुलगा आणि पुण्याहून आलेली मुलगी. बोलायला सुरुवात मुलाने केली. "एकच गोष्ट चार-चारदा इचारूलालेत साहेब. जेवून हात धुतले की पाच मिनिटांत म्हणतेत, आज जेवायचं हाय का नाही."

दोन वर्षांपासून हे हळूहळू वाढत गेलेलं. आधी नावं आठवेनात, ते वयाचं म्हणून सोडून दिलं. मग हळद विकल्यावर मिळालेली पट्टी त्यांनी उशीच्या अभ्र्यात ठेवली, विसरले, आणि अडत्याने पैसे बुडवले म्हणून त्याच्या दुकानावर जाऊन भांडले. तरीही घरच्यांना वाटलं, तापट आहेत. पेन्शन काढायला वसमतला गेले आणि गावाच्या गाडीऐवजी परभणीच्या एसटीत बसले, तेव्हा मात्र सगळे घाबरले. कंडक्टर त्यांचा विद्यार्थी निघाला म्हणून निभावलं.

जुने आजार: बारा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी, तेव्हापासून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दीड वर्षापासून लघवी धरवत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन. ऐकू कमी येतं, पण त्याची तक्रार कोणी केली नाही. टीव्हीचा आवाज मोठा असतो एवढंच पत्नी बोलून गेल्या. गुरुजी माळकरी, मांसाहार कधीच नाही.

तपासताना

मराठी तिसरीपर्यंतचे पाढे त्यांनी आपण होऊन म्हणून दाखवले. निमकी, पाऊणकी, मग दीडकी. "सात दीडे साडेदहा, आठ दीडे बारा", कुठेही अडखळ नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ च्या सप्टेंबरअखेरीस, गावातून धान्याचा ट्रक घेऊन कोण कोण गेलं होतं ते नावानिशी सांगितलं. सकाळी काय खाल्लं, ते मात्र सांगता येईना. तीन शब्द दिले होते: आंबा, पाटी, बैल. पाच मिनिटांनी एकही आठवला नाही. "जनावर होतं" असं सुचवल्यावर बैल आला, तोही विचारल्यासारखा.

घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ शिक्षकाच्या हातचं, रेखीव. पण एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटल्यावर एक काटा दहावर आणि एक अकरावर. एकूण गुण ३० पैकी १९.

शर्टाच्या बाह्या वर केल्या तर दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत रुपयाएवढे निळे-जांभळे डाग. पत्नी म्हणाल्या, "जरा कुठं टेकलं की डाग उठतो यांना." हे डाग कुठून आले ते पिशवी उघडल्यावर कळलं.

पिशवी

घरी जे जे घेता ते सगळं आणा, असं मी आधीच सांगितलेलं असतं. बहुतेक लोक चिठ्ठी आणतात, या घराने पिशवी आणली. ई जीवनसत्त्वाच्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, सकाळी एक, रात्री एक. 'अँटिऑक्सिडंट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली दुसरी कॅप्सूल, तिच्यात बीटा कॅरोटीन, सेलेनियम, जस्त आणि पुन्हा ई जीवनसत्त्व. ऑनलाइन मागवलेलं, मिऱ्याचा अर्क घातलेलं, हळदीतलं करक्युमिन. गिंको बायलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या. ब्राह्मीचं सरबत. कसलासा जांभळा रस, ज्याच्या बाटलीवर मेंदूचं चित्र होतं आणि घटकांची यादी वाचता येणार नाही इतकी बारीक. महिन्याचा खर्च साडेचार हजार. यातलं काहीच कोणत्या डॉक्टरने लिहून दिलेलं नव्हतं. मुलीने वाचून, विचारून, पोटतिडकीने जमवलेलं होतं. तिला वेड्यात काढायचं काही कारण नाही. तिने जे वाचलं होतं त्याचा पहिला अर्धा भाग बरोबरच होता.

तो पहिला अर्धा भाग असा. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू खातो सुमारे वीस टक्के. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया हा प्राणवायू वापरताना थोडे फ्री रॅडिकल, म्हणजे आजूबाजूच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, सोडतातच. मेंदूत असंतृप्त चरबी भरपूर, ती लवकर ऑक्सिडाइझ होते. लोह आणि तांबं आहे, ते ही क्रिया वाढवतात. आणि हे आवरणारी कॅटलेजसारखी विकरं इतर अवयवांच्या मानाने कमी. अल्झायमरमध्ये अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी होतात. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं ते हेच. अशा मेंदूत चरबी, प्रथिनं आणि डीएनए यांचं ऑक्सिडेशन जास्त झालेलं आढळतं, आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही आढळतं. उंदरांमध्ये अँटिऑक्सिडंट, म्हणजे हे ऑक्सिडेशन रोखणारे पदार्थ, देऊन काही प्रयोगांत चांगला फरक पडला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथल्या पाहणीत, जी २००२ साली प्रसिद्ध झाली, आहारात ई आणि सी जीवनसत्त्व जास्त असणाऱ्यांना पुढे अल्झायमर कमी झाला होता. इतकं वाचल्यावर कोणीही दुकानात जाईल.

दुसरा अर्धा भाग म्हणजे माणसांवरच्या चाचण्या

मुलीचा पहिलाच प्रश्न नेमका होता: "पण सर, अमेरिकेत ई जीवनसत्त्वाने फरक पडला ना?" पडला. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ती चाचणी माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत झाली. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेले ६१३ लोक, आणि सगळे आधीपासून डोनेपेझिलच्या जातीची अल्झायमरवरची गोळी घेणारे. रोज २००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक, गुरुजींच्या कॅप्सूलसारख्यांत साधारण एक मिलिग्रॅमला एक) ई जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या कामांतली घसरण वर्षाला १९ टक्के मंदावली, साधारण सहा महिने पुढे ढकलली गेली. सांभाळणाऱ्या माणसाचा वेळही कमी खर्च झाला, आणि घरात रुग्ण असलेल्याला याची किंमत कळते. स्मरणशक्तीच्या परीक्षेत मात्र काहीच फरक नव्हता. आणखी एक कोडं राहिलंच: ई जीवनसत्त्व आणि मेमँटिन हे अल्झायमरचं दुसरं औषध, दोन्ही एकत्र दिलेल्या गटात तो फायदाही दिसला नाही.

याआधी १९९७ ची एक चाचणी होती, मध्यम आजाराचे ३४१ रुग्ण, मात्रा तीच. तिथेही स्मरणशक्ती सुधारली नाही. परावलंबन किंवा मृत्यू येण्याची वेळ थोडी लांबली, आणि तोही फरक रुग्णांच्या सुरुवातीच्या गुणांचा हिशेब लावल्यावरच दिसला. मग आजार पुरता लागायच्या आधीच दिलं तर? विसरभोळेपणा सुरू झालेल्या पण अजून स्मृतिभ्रंश न झालेल्या ७६९ लोकांना तीन वर्षं देऊन पाहिलं. निकाल २००५ साली आला. काही उपयोग नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती २०१२ ची छोटी चाचणी. फक्त ७८ रुग्ण आणि १६ आठवडे, पण त्यात पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं होतं. एका गटाला ई, सी आणि अल्फा लिपोइक आम्ल असं एकत्र दिलं. ऑक्सिडेशनची खूण असलेलं एक रसायन त्या पाण्यात १९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे औषध मेंदूपर्यंत पोचलं आणि आपलं ठरलेलं काम त्याने केलं. तरीही अमायलॉइड हललं नाही, टाऊ हललं नाही, आणि त्या गटाचे स्मरणशक्तीचे गुण इतरांपेक्षा लवकर घसरले. औषध पोचलंच नाही, अशी सबब इथे सांगता येत नाही.

मुलाने विचारलं, "आसं कसं? गंज काढला तरी लोखंड खराबच?" त्याला म्हटलं, तुम्ही कापूस लावत होता ना? गुलाबी अळी बोंडात शिरल्यावर वरून कितीही फवारा, पानं स्वच्छ दिसतात, आतलं सरकीपर्यंत पोखरलेलंच असतं. त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही.

मुलीला मात्र शास्त्र हवं होतं. गुण घसरू लागतात त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड साठत असतं, त्यामुळे आपण पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय फ्री रॅडिकल हे नुसते शत्रू नाहीत, पेशी त्यांचा निरोप्यांसारखा वापर करतात. सरसकट मारले तर काही उपयोगाचे निरोपही जातात. कॅप्सूलमधलं अल्फा टोकोफेरॉल जास्त झालं की ई जीवनसत्त्वाचा दुसरा नैसर्गिक प्रकार, गॅमा, रक्तात कमी होतो. आणि शरीराची स्वतःची विकरं एकामागून एक असंख्य रेणू निकामी करत राहतात, तर गोळीतला रेणू एकदा वापरला की त्याला पुन्हा ताजं करायला दुसरं कोणी लागतं. ऑक्सिडेशन हे आजाराचं मूळ किती आणि परिणाम किती, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल परिणामाकडे जास्त आहे.

गिंकोचं प्रकरण लवकर आटोपतं. ७५ वर्षांवरचे ३,०६९ लोक, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं, निकाल २००८ साली: स्मृतिभ्रंश थोडासुद्धा टळला नाही.

हळदीबद्दल मात्र वसमतच्या माणसाशी जपून बोलावं लागतं. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, घरात सेलमचे हळकुंड शिजवायचे कढई-बॉयलर आहेत आणि "आमच्या हळदीत लई दम हाय" हे ऐकायला मिळणारच. दम आहे, पण हिशेब करू. हळकुंडात करक्युमिन साधारण तीन टक्के. चहाचा चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत नव्वदेक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात उतरतं अगदी थोडं. २०१२ साली छापून आलेल्या एका चाचणीत अल्झायमरच्या ३६ रुग्णांना रोज दोन किंवा चार ग्रॅम करक्युमिन दिलं होतं. दोन ग्रॅमसाठी सत्तरेक ग्रॅम हळद रोज खावी लागेल. इतकं देऊनही २४ आठवड्यांत फायदा दिसला नव्हता. २०१८ साली चांगल्या निकालाची म्हणून गाजलेली चाचणी ४० जणांवरची होती आणि त्यांतल्या एकालाही स्मृतिभ्रंश नव्हता. भाजी-वरणातली हळद खुशाल खा. मिऱ्याच्या अर्काची जोड दिलेल्या दाट कॅप्सूलने यकृताला सूज आल्याच्या नोंदी मात्र इटलीतून आणि अमेरिकेतून आल्या आहेत, आणि मिऱ्याचा अर्क इतर औषधांची शरीरातली पातळीही बदलतो. एकाच वेळी इतक्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते नको.

निदान आणि निर्णय

एमआरआय नांदेडला केला. स्मृतीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी आक्रसलेला, शिवाय बारीक रक्तवाहिन्यांचे जुने ठिपके. थायरॉइड ठीक. बी-१२ फक्त १४८. प्रयोगशाळा २०० च्या खाली कमी धरतात. शाकाहार आणि बारा वर्षांचं मेटफॉर्मिन, दोन्ही बी-१२ उतरवतात. निदान लिहिलं: अल्झायमरची दाट शक्यता, थोडा रक्तवाहिन्यांचा भाग, भर घालणाऱ्या गोष्टी अनेक.

त्या भर घालणाऱ्या गोष्टींत इतका जीव होता की त्या पिशवीखाली दडल्याचं वाईट वाटलं. लघवीची गोळी बघा. स्मृतीसाठी लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन अल्झायमरमध्ये आधीच कमी पडतं. डोनेपेझिल ते टिकवायला देतात आणि ऑक्सिब्युटिनिन त्याचाच रस्ता अडवतं. वृद्धांना या गोळीने भ्रम वाढतो हे जुनं ज्ञान आहे, तरी ती वर्षानुवर्षं चालू राहते, कारण लिहिणारा वेगळा आणि विसरभोळेपणा बघणारा वेगळा.

हातांवरचे डाग म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ई जीवनसत्त्व आणि गिंको यांचा एकत्र परिणाम. ई जीवनसत्त्व जास्त मात्रेत रक्त गोठण्यात अडथळा आणतं. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना रोज ४०० आययू दिलेल्या एका मोठ्या चाचणीत, २००५ साली, हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. म्हणून अमेरिकी चाचणीतला तो सहा महिन्यांचा फायदा खरा धरूनही गुरुजींना २००० आययू देणं मला पटलं नाही. आणि ते घेत होते त्या ८०० चा फायदा अल्झायमरच्या रुग्णांत कोणी दाखवलेला नव्हता, म्हणजे जोखीम होती आणि लाभ नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी न घेणारा, हृदय चांगलं असलेला, सौम्य आजाराचा रुग्ण आला तर मी ई जीवनसत्त्वाची गोष्ट काढतो, कामं थोडी जास्त दिवस जमतील, आठवण सुधारणार नाही, हे स्पष्ट सांगून. काही जण घेतात.

पिशवीतलं सगळं बंद केलं. हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांनी दोनपैकी क्लोपिडोग्रेल थांबवलं. ऑक्सिब्युटिनिन बंद, संध्याकाळनंतर चहा बंद, झोपण्याआधी लघवीला जायची सवय. बी-१२ ची इंजेक्शनं. ईसीजी बघून डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम, पुढे १०. आणि कानाचं यंत्र. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मोजले आहेत, सगळे सांभाळले तर साधारण ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज. त्यात बहिरेपणा आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, कमी शिक्षण आहे. अँटिऑक्सिडंटची कमतरता त्या यादीत नाही.

आहारात करडईचं घाण्यावरचं तेल, शेंगदाणा आणि जवसाची चटणी, पालेभाजी एवढंच. करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व मुळातच चांगलं असतं, मोठ्या चमच्यात चार-साडेचार मिलिग्रॅम. सोयाबीन आल्यापासून मराठवाड्यातली करडई मागे पडली, तो वेगळा विषय. आहाराने हा आजार रोखतो असंही मी सांगत नाही. मेंदूसाठी खास बेतलेल्या आहाराची ६०४ लोकांवरची तीन वर्षांची चाचणी २०२३ साली आली, तीत ठळक फरक निघाला नाही. हृदयासाठी मात्र चांगला आहे आणि घरचा आहे.

पुढे

सुरुवातीला डोनेपेझिलने जुलाब झाले, सकाळी जेवणानंतर दिल्यावर थांबले. तीन महिन्यांत हातांवरचे डाग गेले. रात्री चार वेळा उठणं एकदोनदावर आलं आणि पत्नीला सलग झोप मिळू लागली. या घराला खरा फायदा झाला तो हा. यंत्र लावल्यावर गुरुजी गप्पांत परत आले. चारदा विचारणं पुष्कळ कमी झालं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं. सहा महिन्यांनी गुण २०, वर्षाने १८. त्या वीसला मी सुधारणा म्हटलं नाही आणि अठराचं घरच्यांना आश्चर्य वाटलं नाही.

साडेचार हजारांत गावातला त्यांचाच एक जुना विद्यार्थी दुपारी सोबतीला येतो, पेपर वाचून दाखवतो, मारुतीच्या पारापर्यंत फिरवून आणतो. बँकेचं खातं पत्नीसोबत जोडलं, नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची जबाबदारी मुलाने घेतली. जमिनीच्या कागदांचं बोलणं काढलं तेव्हा मुलगा संकोचला, पण सही कशावर करतो हे वडिलांना कळतंय तोवरच ते करायचं असतं.

निघताना मुलगी मागे थांबली. वय ४६. "माझं काय सर? मी आत्तापासून सुरू करू का, बंद केलेल्या त्या कॅप्सूल?" तिला सांगितलं की धडधाकट माणसांना वर्षानुवर्षं ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन स्मृतिभ्रंश टळतो का हेही पाहून झालं आहे. ७,५४० जण, सगळे पुरुष हे खरं, निकाल २०१७ साली, टळला नाही. तिने बीपी शेवटचं कधी मोजलं होतं ते तिला आठवेना. मोजलं, १५२/९६. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे पाठवायला सांगितले. ते आले, एकही १४५ च्या खाली नव्हता. पुण्यातल्या तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि त्यांनी गोळी सुरू केली.